वाव

बापाच्या वहीत नकाशा नव्हता.
वहीत होतं असं:
चर्चचा मनोरा लाल कोठाराच्या पाठीशी लपला
आणि उत्तरेच्या कड्यातलं भोक दिसू लागलं
की थांब. त्रेचाळीस वाव.
तळाला भरड वाळू, शिंपल्यांचा चुरा.
कॉड, मार्चअखेर.

मी दहा वर्षांची असताना वादळात कोठार गेलं.
जागेला ठिकाणा उरला नाही.
तरी बाप जायचाच.
कोठार नसलेल्या किनाऱ्यावर
कोठार बघायचा, आणि बरोब्बर तिथंच
इंजिन बंद करायचा.

दोरी मोजायची ती हात पसरून,
या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव.
शिशाच्या गोळ्याच्या बुडाला खळगा,
खळग्यात मेंढीची चरबी थापलेली.
तळ तिला चिकटून वर यायचा.
बाप तो चिमटीत घ्यायचा, दाताखाली धरायचा,
थुंकायचा, म्हणायचा,
'अजून जरा पश्चिमेला.'

बंदर कचेरीनं वही एकदा मागवून घेतली,
नकाशे सुधारायचे होते.
परत आली तेव्हा पहिल्या पानावर पेन्सिलीत:
'खोली सर्वत्र जास्त. ग्राह्य नाही.'
कारकून धक्क्यावर म्हणाला म्हणे,
बाकीचे मासा वाढवून सांगतात,
हानुस समुद्रच वाढवून सांगतो.
बाप हसला त्यांच्यासोबत.
पेन्सिलीचं होतं, पण खोडलं नाही त्यानं.

आता माझ्या जहाजाला ठिकाणा आभाळातून मिळतो.
एका वेळी चौदा उपग्रह,
एकालाही फेरो बेटं ठाऊक नाहीत,
तरी बोटभर चूक होत नाही त्यांची.
जहाजाच्या पोटाखाली आवाजाचा पंखा उघडतो,
चारशे धागे खाली जातात, चारशे वर येतात,
पडद्यावर तळ विणला जातो,
उथळ ते तांबडं, खोल ते जांभळं.
नांगरल्यासारखं वर-खाली करत राहायचं,
सतरा दिवस.
ट्रोंदुर कॉफी आणतो, सांडतो, पुसतो.

अकराव्या रात्री वहीतली जागा आली.
मीच रेघ तिथून नेली होती, कुणाला न सांगता.
भरती वजा केली, डुलणं वजा केलं,
पाण्याचा खारटपणा, गारठा, सगळं हिशेबात धरलं.
शहात्तर पूर्णांक अकरा मीटर.

बापाचे त्रेचाळीस वाव म्हणजे
नकाशाच्या मापानं अठ्ठ्याहत्तरच्या वर.
म्हणजे कारकून खरा होता.

वही मिटली. मग पुन्हा उघडली.
दुसरी जागा, तिसरी, नववी.
प्रत्येक ठिकाणी चूक, आणि प्रत्येक ठिकाणी
तेवढीच चूक.
मी भागाकार केला.
शहात्तर पूर्णांक अकरा भागिले त्रेचाळीस:
एक पूर्णांक सत्त्याहत्तर.
नऊही जागी तेच, मिलिमीटरच्या फरकानं.

पुस्तकातला वाव याहून सहा सेंटीमीटर मोठा.
तो कुणाचा, कोण जाणे. कुणा उंच माणसाचा असेल.
माझा बाप बुटका होता.

त्याला जाऊन सहा हिवाळे झाले.
लाखो रुपयांचं यंत्र रात्रभर ठणठणत होतं
आणि समुद्रानं मला दिलं ते
त्याच्या मिठीचं माप.

सकाळी आईला फोन केला.
ऐकून घेतलं तिनं सगळं, उपग्रहांसकट.
'एवढ्यासाठी जहाज?' म्हणाली,
'मला विचारायचंस.
चाळीस वर्षं त्याचे स्वेटर विणलेत,
दोन्ही बाह्यांना चार-चार टाके कमी.'
मग बराच वेळ नुसताच
लोकरीचा गुंडा जमिनीवर घरंगळत गेल्याचा आवाज.

नोंदीच्या तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
नमुना वर काढल्याशिवाय
तळाविषयी काही लिहायचं नाही असा नियम आहे.
माझ्या सोनारला दात नाहीत.
मी लिहिलं: भरड वाळू, शिंपल्यांचा चुरा.

ट्रोंदुरनं वाचलं. माझ्याकडे पाहिलं.
'नमुना कुठाय?'
मी वही पुढे केली.
त्यानं सही केली, आणि वहीवर पडलेला
कॉफीचा थेंब बाहीनं टिपला.