काजळी

चैत्राम आर्ट्स, जामनेर रोड, भुसावळ.
ट्रॉलीच्या फळ्या, नंबरप्लेटी, केळी ग्रुपच्या पाट्या.
देवाचं काम घेत नाही असं नाही,
पण हा देव आपल्या ओळखीचा नव्हता.

फादर म्हणाले, संत अँथनी. त्यांना स्वर्ग दिसतोय.
मी पाहिलं.
तपकिरी झग्यातला माणूस गुडघ्यांवर,
समोर उघडं पुस्तक,
आणि वर नुसती लोको शेड, काळीकुट्ट.

असल्या रंगाला सोडा चालत नाही, रॉकेल तर नाहीच.
थुंकी चालते. कापसाचा बोळा जिभेला लावायचा, हळू फिरवायचा.
पण फादरसमोर लावू कसा?
तेच हसले. म्हणाले, लाव.
आमच्या प्रभूनं थुंकीनंच आंधळ्याला डोळे दिले होते.

मे महिना, पत्र्याखाली सत्तेचाळीस.
जिभेला कोळशाची चव.
पहिल्या दिवशी एक टाच निघाली,
तान्ह्या लेकराची, हवेत.
दुसऱ्या दिवशी काहीच नाही.
मग मुंडकी, गालफुगी, कानांमागून पंख फुटलेली,
आणि त्यांच्यामागे दादरच्या कणसावर पडतं तसलं ऊन.

लेकरू पुस्तकावर उभं होतं. पानावर पाय देऊन.
माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.
बाबा म्हणायचा, पाय लागला ना, पाया पड पह्यले.
संत मात्र रागावलेला नव्हता.
ओळ कुठवर वाचली होती तेच विसरलेला.

दुसऱ्या बाकावर रोज कार्व्हालोबाई.
चौथ्या दिवशी काठी टेकत जवळ आल्या.
"काय पुसतो तू, ठाऊक आहे?
माझा बेनेडिक्ट फायरमन होता.
रविवारी इथे मिस्सा, तिकडे त्याची ड्युटी,
खिडक्या उघड्या.
तो नाही आला कधी. धूर यायचा."

मी बोळा खाली ठेवला.
काय बोलणार?
निम्मं आकाश उजळून बसलेलं,
निम्म्यात अजून तो माणूस फावडं मारत होता.

"पूस रे," त्या म्हणाल्या, "त्यालाच बघायचं होतं हे.
फक्त बोळे फेकू नको."
आणि पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला,
झाकण गंजलेलं, नखानं उघडावं लागलं.

सहा दिवसांत डबा गच्च भरला.

फादरना पावती हवी होती.
मी लिहिलं: चित्र साफ, नग एक.
मजुरी अठराशे.
कापूस गिऱ्हाइकाला परत.