अध्यासन

पावतीपुस्तक क्रमांक सात घेऊन
डिचोलीच्या बाजारात फिरतोय, हा तिसरा बुधवार.
अध्यासन म्हणजे काय हे सांगताना
माझीच जीभ अडखळते.
"व्याजातून प्राध्यापकाचा पगार. मुद्दल कधी मोडायचं नाही."
"म्हणजे देवस्थानासारखंच," भुसारी शाणू म्हणाला
आणि पाचशे एक लिहायला लावले.

खाणमालकाच्या ऑफिसात गार पाणी मिळालं.
वकीलसाहेबांच्या नावाखाली आपलं नाव
केवढ्या अक्षरात, एवढंच विचारलं.
चेक पुढच्या महिन्यात.

लवू मेस्ताला वाटलं, खरीच खुर्ची.
"पैसे कशाला? फणसाची फळी आहे माझ्याकडे.
पाठ जरा ताठ ठेवतो,
कायदा शिकवायचाय ना."
मी समजावत बसलो नाही.

पिळगावची सत्यवती आली ती कागद घेऊनच,
पिवळा, घडीवर फाटलेला, मुंडकारकीचा निकाल.
नक्कल मीच आणली होती तेव्हा.
सिनाय वकिलांनी फी घेतली
चार तवशी.
पदराच्या गाठीतून एकशेवीस रुपये सोडले तिने,
पावती नको म्हणाली.
म्हटलं, घे बाई.
कागद नव्हता म्हणून तर सतरा वर्षं
कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यास.

रात्री बेरीज केली. एकोणचाळीस लाख कमी.
ओसरीवर लवूची खुर्ची येऊन बसलीय,
रंधा नुकता फिरलेला, वास ओला.
तिच्यावर बसवत नाही.
वही उघडून विचार करतोय,
हिला कुठल्या रकान्यात लिहू,
मुद्दलात की व्याजात?