होऊन राहिलं

बर्डीवरून आणला नवा ड्राइव्ह,
काडेपेटीपेक्षा जरासाच मोठा.
हलवून पाहिला, आत काही वाजत नाही.
जुना मात्र वाजतो,
अडकित्त्यात अर्धी अडकलेली सुपारी वाजावी
तसा, थांबून थांबून.

मे महिना. गोळीबार चौकातली दुपार.
कूलरला कालच नवा वाळा भरला.
त्याच्यासमोर, पाणी उडणार नाही इतक्या अंतरावर,
पाटावर बसवला जुना,
हळद लागलेल्या नवरदेवासारखा.

स्क्रीनवर आलं: चार तास बाकी.
मग सतरा मिनिटं.
मग दोन दिवस.
म्हटलं, बावा, तू तर आपला आचारीच निघाला,
भात चुलीवर चढायच्या आधी
पंगत बसवा म्हणणारा.

बायकोनं आतून विचारलं, झालं का?
म्हटलं, होऊन राहिलं.
पुण्याचा जावई हसतो आमच्या या क्रियापदाला.
त्याला कसं सांगू,
काही गोष्टी होत नाहीत, झालेल्याही नसतात,
त्या होऊनच राहतात.

सोळा वर्षं. चारशे बारा लग्नं.
निमजे, पराते, उमरेडकर, खोब्रागडे,
आडनावाचा फोल्डर, आत तारीख, तिच्या आत
कुठे सीमांतपूजन, कुठे बुद्धवंदना,
आणि सगळीकडे तोच रुसलेला मामा.
यांतलं कुणीच माझं नात्याचं नाही.
मी आहे तो नुसता आवाजात:
"ताई, इकडे पाहा." "भाऊ, सरका थोडं."
आणि एकदा, धापोडकरांच्या कपाटाच्या आरशात,
खांद्यावर कॅमेरा घेतलेलं काळं कुबड.

सकाळी स्टेटस ठेवलं होतं,
जुनी लग्नं नव्यात नेतो आहे, कॉपी हवी तर कळवा.
तीनच्या सुमाराला फोन आला.
नंदनवारांची कांचन.
"काका, माझं लग्न आहे का हो तुमच्याकडे अजून?"
आहे म्हटलं. दोन हजार अकरा, सत्तावीस जीबी.
मला वाटलं, हवं असेल.
"नव्यात नका घेऊ," ती म्हणाली.
इतकंच. मग उन्हाचं विचारलं,
नळाला पाणी येतं का विचारलं, ठेवला.

कॉपी म्हणजे इथंही असणं, तिथंही असणं.
कट म्हणजे इथून उठणं.
कांचनला तिसरंच काही हवं होतं,
माउसच्या उजव्या बटणात
त्याला शब्द नाही.

मी तो फोल्डर सोडला.
म्हणजे, सोडण्याआधी उघडला.
वरात मांडवाशी आलेली, बँडवाले घामाघूम,
आणि ज्यानं दारात हार घेऊन उभं राहायचं
तो तिचा बाप, यादवराव, मध्येच घुसलेला.
जन्मभर मागाच्या खड्ड्यात
दोन पट्ट्यांवर हललेले पाय,
अकरा सेकंद नाचतात रस्त्यावर.
दातांत दहाची नोट.
मग कुणीतरी ओढून नेतं त्याला स्वागताला.
यादवराव जाऊन सहा वर्षं झाली.

अकरा सेकंद कापून घेतले.
सनईचा अर्धा सूर सोबत आला, येऊ दिला.
नाव काय द्यावं?
'नंदनवार' लिहून पुसलं.
'यादवराव' लिहिलं, तेही पुसलं.
'पाय' असं ठेवलं.
तिला सांगितलेलं नाही.
विचारीन, एखाद्या थंड दिवशी.

सात वाजता सगळं पार पडलं.
जुन्याला हात लावला,
ताप उतरू लागलेल्या पोराच्या कपाळासारखा.
रिकामा झालेला नाही तो,
कॉपीनं कुणी रिकामं होत नाही.
फक्त कांचनचं लग्न आता
जगात एकाच ठिकाणी आहे,
आणि ते ठिकाण टकटक करतं.

बायको म्हणाली, मग फेका ना ते डबडं.
मी कूलर बंद केला.
भिंती अजून तापलेल्याच.
एकदा, टक्,
आणि मग बराच वेळ काही नाही.