चौथ्या मिनिटाला

कोशित्से. नोव्हेंबर. शाळेचा तळमजला.
गरम पाण्याच्या नळीवर वाळत घातलेले आमचे हातमोजे.
हालुश्कोवाबाई फळ्यावर डोंगर काढतात,
लांब चढण, टोक, मग आखूडसा उतार,
आणि म्हणतात, कुठलंही कथानक हाच डोंगर चढतं.

चित्रपट गेल्या गुरुवारी पाहिलेला.
घड्याळजी, त्याचं दुकान,
दुकान झाडणारा रोमा पोरगा देझिदेर.
सत्ताविसाव्या मिनिटाला चांदीचं घड्याळ नाहीसं होतं.
"पहिली कलाटणी." बाई खडूनं टिंब देतात.
एकावन्नला पोलीस. पंचाहत्तरला दगड,
फुटलेली काच, पोराच्या भुवईवर रक्त.
हे टोक.
मग खणाच्या अस्तराखाली घड्याळ सापडतं,
टिकटिकतं आहे अजून.

"तीन आठवडे? किल्ली न देता?"
ट्राम चालवणारा ओंद्रेय विचारतो.
कोणी हसत नाही, कारण तिथंच
घड्याळजी हुंदका देतो
आणि तिथंच आम्ही सगळे रडलो होतो,
ओंद्रेयसुद्धा.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात.
इथं तर चोरच नव्हता,
सुळी तेवढी आधीपासून उभी होती.

"नायक कोण?" बाई विचारतात.
जो बदलतो तो नायक.
म्हणजे घड्याळजी.
"आणि पोरगा?"
बाई वहीत बघतात, पान उलटतात.
"पोरगा बदलत नाही. पोरगा निमित्त."
मी लिहून घेतलं. निमित्त. खाली रेघ मारली.

साडेआठ वाजून गेलेले.
दारात इरेना, हातात बादली, पुसणं भिंतीला टेकवलेलं.
आमची चर्चा संपायची वाट बघत होती बहुतेक
अर्धा तास.
म्हणाली, "कलाटणी चौथ्या मिनिटाला आहे."

बाईंनी चित्रपट मागं नेला.
चौथं मिनिट. पडद्यावर अजून नावंच येतायत.
हिरव्या कोटातली गिऱ्हाईक बाई आत येते,
पोरगा वाकून केर भरतोय,
ती थंडीबद्दल बोलत राहते,
आणि न बघता, वाक्य न तोडता,
पर्स डाव्या हातातून उजव्या हातात घेते.

आम्ही सात जण.
सातांच्या वह्यांत ते नव्हतं.

"मी होते तिथं," इरेना म्हणाली, "काचेबाहेर, गर्दीत.
दिवसाचे पंधरा युरो आणि सूप.
त्या बाईंना पर्सचं कोणी सांगितलं नव्हतं.
पाच वेळा घेतलं ते दृश्य.
पाचही वेळा पर्स इकडून तिकडं.
चांगल्या होत्या बाई. मला स्वतःचा रुमाल दिला त्यांनी,
सर्दी झाली होती मला."

नळीतून पाणी गुडगुडत गेलं.

मग तिनं बादली खाली ठेवली.
"आणि घड्याळ सापडलंच नसतं तर?
किंवा समजा, घेतलं असतं त्यानं,
तर कितव्या मिनिटाला रडला असतात?"

बाईंच्या हातात खडू होता.
तो कुठं टेकवायचा हे त्यांना कळेना.
आम्ही खुर्च्या उचलून बाकांवर उलट्या ठेवल्या,
एरवी हे काम आम्ही तिच्यावर सोडतो.
त्या रात्री इतक्या खुर्च्या उचलल्या
की तिला पुसायला जागा मिळाली
आणि आम्हाला लवकर निघायला निमित्त.

घरचा अभ्यास: कथानकाचा आलेख नव्यानं काढा.
मी एक आडवी रेघ काढली,
चारजवळ नखाएवढी खूण केली,
मग रेघ तशीच पानाच्या कडेपर्यंत, कडेबाहेर, टेबलावर.
ओंद्रेय म्हणाला, ही तर माझी सहा नंबरची लाईन.
बाईंनी दहापैकी सहा दिले.
लाल शाईत विचारलं, टोक कुठं आहे?

रविवारी शेवटची नावं पाहिली, एकटाच.
दोन मिनिटं वर सरकत जातात.
सूप आणणाऱ्याचं नाव आहे.
पोलिसांच्या घोड्याचं आहे, त्याचं नाव बुबान.
इरेनाचं नाही.
हिरव्या कोटाखाली एक नाव आहे, ते मी लिहून घेतलं
आणि मग का कोण जाणे खोडलं.
अगदी तळाशी, संगीत संपल्यावर,
एक ओळ थोडा वेळ थांबते:
आभार, गावातील सर्व नागरिकांचे.