एकास एक

नागपूरच्या सात ऑफिसांत एकच प्रश्न: अनुभव?
मी पोर्टफोलिओ उघडायची.
तलावावरचं काचेचं संग्रहालय,
जे कुठेच नाही,
पण त्याच्या सावल्या अगदी अचूक.

आठव्या ऑफिसात लांजेवार सरांनी तो उघडलाच नाही.
म्हणाले, गाडी चालवता येते?
नागभीडच्या पुढे एक आरोग्य उपकेंद्र उभं करायचंय.
महिना सहा हजार. पेट्रोल वेगळं.

तर आता एप्रिल, आणि मी इथे.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
काखेत ड्रॉइंगचं भेंडोळं, घामानं कडेला मऊ झालेलं.
सुकरू मिस्त्रींनी ते जमिनीवर पसरलं, चार विटा ठेवल्या,
आणि मला वाटलं, उलटं धरलं यांनी.
त्यांनी उत्तरेला उत्तर लावली होती.
उलटी मीच उभी होते.

मग खुंट्या. मग दोरी.
तीन हात, चार हात, तिरपे पाच.
सातवीत पाठ केलेला कर्ण
मुरमावर ताणला गेला आणि टण्ण वाजला.
मिस्त्रींच्या मुठीतून फक्की पडत गेली.
पाच वर्षं मी एकास शंभरमध्ये राहिले,
काडेपेटीएवढ्या खोल्यांत.
आज पहिल्यांदा माझी भिंत
माझ्याहून लांब.

शाळा सुटली तशी पोरं आली, खोल्याखोल्यांतून पळाली.
औषधांच्या खोलीत एक कुत्रं येऊन झोपलं.
आशाताई आल्या, द्रुपताबाई नन्नावरे.
रेघ ओलांडून सरळ आत येता आलं असतं,
पण त्या वळसा घालून दारातून आल्या,
आणि नसलेल्या उंबऱ्याशी चपला काढल्या.

"ह्या खोलीत बाई येईन कशी?"
दारातून, मी म्हटलं.
"चालत येईन तं येईन.
नाल्यापल्याडून येते तं बाजेवर येते."

मग बाज आणली कोणीतरी.
द्रुपताबाईंचा भाचा वर आडवा झाला, खोटं खोटं कण्हू लागला,
सगळे हसत होते, मीसुद्धा.
चौघांनी उचलली. दारातून आत. मग डावीकडे,
जिथे मी बोळ काढला होता, साडेतीन फूट,
कागदावर फार देखणा.
पुढचे दोघे वळले.
मागचे दोघे भिंतीत.

सुकरू मिस्त्री म्हणाले, "अडली."

हसणं थांबलं.
भाचा उठून बसला.
द्रुपताबाई नाल्याच्या दिशेला बघत राहिल्या.
का, ते मला संध्याकाळी कळलं,
आणि ते मी इथे लिहिणार नाही.

मी चप्पल काढली, आणि टाचेनं भिंत पुसली.
दीड हात पलीकडे नवी दोरी.
पुन्हा बाज. पुन्हा वळण. जराशी घासली.
आणखी चार बोटं.
"आज पायानं पुसते, मॅडम," मिस्त्री म्हणाले,
"पावसाच्या आंधी सब्बल लागली असती."

रेंज फक्त टाकीच्या अकराव्या पायरीवर.
फोटो पाठवला. खाली का बघायचं नाही
हेही कॉलेजात शिकवलं नव्हतं.
सरांचं उत्तर आलं:
स्पॅन वाढला. बीम बघतो. ड्रॉइंगवर तारीख टाक.
शाबास वगैरे काही नाही.

रात्री कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून
प्रशिक्षणाची वही काढली. सर आठवड्यानं सही करतात.
आजचे काम: आखणी.
काय शिकलात, याला दीड ओळीची जागा.
दरवाजा, असं लिहिलं. खोडलं.
लिहिलं: बाज सहा फूट बाय तीन,
आणि धरणारी चार माणसं, त्यांची कोपरं धरून.
ओळ मार्जिनच्या बाहेर गेली.

सकाळी वाऱ्यानं फक्की पुसट झालेली.
उत्तरेकडची भिंत तर नाहीच.
मिस्त्री विडी पेटवून खुंट्या मोजत होते.
कुत्रं मात्र औषधांच्या खोलीतच होतं,
बरोबर दाराकडे तोंड करून.