हेही पाहा

पुन्ता अरेनासचा वारा कुणाला पत्ता विचारत नाही,
पण या कचेरीच्या भिंती जाड आहेत.
खेकड्यांच्या डब्यांची बिलं करणारी एर्मेलिंदा बार्रिया
सकाळी आठला संगणक लावते
आणि तिची पत्रं येत नाहीत.

म्हणजे येतात.
पाठवणारे शपथेवर सांगतात, पाठवली.
सामुद्रधुनीपलीकडून, पोर्वेनीरहून, फोन येतो:
बाई, तिसऱ्यांदा पाठवतोय.
ती म्हणते, बघते हं,
आणि बघण्यासारखं समोर काहीच नसतं.

पूर्वी जिन्याखाली एक खोली होती.
तिथे वायरींच्या भेंडोळ्यात ओस्वाल्दो बसायचा.
दार वाजवलं की आधी "काय करून ठेवलंस?" म्हणायचा,
मग उठायचा.
आता त्या खोलीत झाडू असतात,
आणि सान्तियागोहून दोन ओळी येतात:
आपली विनंती नोंदवली आहे.
तोवर मदतीचे लेख पाहावेत, बहुतेक उत्तरं तिथेच असतात.

असतील.
आडात पाणी असेलही,
पोहरा सोडायला दोर कुठाय?
दुखतंय कुठे ते ती सांगू शकते,
पण आधी दुखण्याचं नाव सांगा, मग औषध देतो,
असं म्हणणारा वैद्य तिला पहिल्यांदाच भेटला.

तिने लिहिलं: पत्रं जातात कुठे?
उत्तर: पाठवलेली पत्रं कशी पाहावीत.
लिहिलं: माझी पत्रं कोण घेतंय?
उत्तर: पासवर्ड बदला.
बदलला. मांजराचं नाव होतं,
आता मांजराचं नाव आणि सात.
लिहिलं: आलेलं दिसत नाही.
उत्तर: अक्षरांचा आकार वाढवा.
वाढवला.
'एकही नवीन पत्र नाही'
हे आता दारातूनही वाचता येऊ लागलं.

दुपारी, थर्मासमधलं मातेचं पाणी कोमट झाल्यावर,
एका लेखाच्या पार तळाशी,
'हेही पाहा'च्या खाली,
तिला एक शब्द दिसला: रेग्ला.
तिच्या भाषेत रेग्ला म्हणजे नियम.
शाळेतली लाकडी पट्टीही रेग्लाच,
तळव्यावर उमटायची ती.

बोट जरा कचरलंच.
मग दाबलं.

अकरा नियम निघाले.
सगळे एलेउतेरिओ मान्सियाचे.
तो या खुर्चीत एकोणीस वर्षं बसला,
केक कापून, सगळ्यांशी हात मिळवून गेला,
आणि खुर्चीबरोबर त्याची टपालपेटीही तिच्याकडे आली,
आतल्या कळांसकट.

नववा नियम असा:
ज्या पत्रात 'वजन' आणि 'कमी' हे दोन शब्द असतील
ते न दाखवता 'उद्या' नावाच्या कप्प्यात टाकावं.

उद्यामध्ये दोनशे चौदा पत्रं होती.

फेर्मिन ओयार्सोची एकट्याची सतरा.
तुमचा काटा पुन्हा तपासा, माझ्या होडीवर एकशे चाळीस किलो भरले होते.
सर, काट्याचं काय झालं.
सर, आठवण करतो.
मग नुसतंच: वजन कमी.
जणू तो कुणाला हाक मारत होता
आणि हाक मारायच्या शब्दांनीच
दार लागत होतं.

लेखाखाली अजून विचारत होते:
या माहितीचा उपयोग झाला का? हो. नाही.
तिने दोन्ही सोडलं.
बिलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर
निळ्या पेनाने लिहिलं:
पत्रं हरवली तर 'नियम' या शब्दाखाली शोधावं.
ओस्वाल्दो असता तर एवढंच सांगितलं असतं,
तेही जिना चढता चढता.

मग पोर्वेनीरचा नंबर फिरवला.
घंटा वाजत राहिली.
फोन खांद्याशी धरूनच
तिने दहावा नियम उघडला.