पांढरफळी

माडग्याळच्या जनावरांच्या दवाखान्यात
त्या भादव्यात टर्पेंटाइनची बाटली उलटी धरली
तर बुचाला नुसता वास उरलेला.
मागणीपत्र सांगलीला गेलं होतं.
सांगली म्हणजे दोन एसट्या आणि तीन सह्या.

म्हाकूबाई टकले मेंढी घेऊन आली,
मफलर घ्यावा तशी मानेवर.
पोपटनाकी, ऐन दुधाची.
मागच्या फऱ्यात लांडग्याचा दात
आठ दिवसांपूर्वीचा,
आणि आत हालचाल.
मी नाकाला रुमाल लावला.
तिनं नाही.

औषध संपलंय, म्हटलं.
"संपलं कुठं? तुझ्या कुंपणाला तर लागलंय."

कुंपण!
सात वर्षं त्याच काट्यांनी
माझ्या सायकलची हवा सोडलेली,
तोडायला गडी सांगून ठेवलेला.

तिनं पाला ओरबाडला,
पायरीवर ठेचला, कनवटीची चिमूटभर तंबाखू त्यात मळली,
बोटानं घावात खोलवर भरली.
मेंढी थरथरली. मग गप्प.
मग अळ्या एकेक करून
पायरीवर पडू लागल्या.
मी मोजत होतो.
चाळीसनंतर सोडून दिलं.

रजिस्टर उघडलं. रोग: जखम, अळ्या.
औषध: इथं पेन अडलं.
शेवटी लिहिलं,
पांढरफळी, एक मूठ, कुंपणातून.

"फी," म्हणत तिनं ओंजळभर फळं
टेबलावर सांडली,
भिजल्या साबुदाण्यासारखी, जरा मोठी.
दाताखाली पाणी,
थोडं गोड, मग तुरट, मग काहीच नाही.
सरकारी खोलीत बिया थुंकायच्या कुठं?
गिळल्या.

डिसेंबरात तपासणी. लाल शाई.
सदर औषध यादीत नाही, खुलासा करावा.

खुलासा अजून लिहितोय.
पहिल्या कच्च्या कागदावर झाडाचं शास्त्रीय नाव,
स्पेलिंग दोनदा खोडलेलं.
दुसऱ्यावर म्हाकूबाईचं वय.
ते तिला ठाऊक नव्हतं,
"मेंढीचं विचार," म्हणाली, "ते सांगते."
तिसरा कोराच आहे.

गड्याला म्हटलं, राहू दे कुंपण.
तो म्हणाला, मग माझी मजुरी?
अर्धी दिली, न तोडण्याची.

सायकल आता व्हरांड्यात लावतो.
परवा कळप गेला रस्त्यानं.
ती कुठली, ओळखू येईना.
एक मात्र थांबली,
मागचे दोन्ही पाय नीट रोवून
कुंपणाचा पाला ओढू लागली.
मी हाकललं नाही.